आधी तुझं ताट

आलापल्ली,
५ फेब्रुवारी १९५७

प्रिय बाई,

तुझं कार्ड मिळालं. गाईचं वासरू, तलावाचं पाणी, बाबांचा गुडघा, सगळ्यांची खुशाली त्यात आहे; तुझी तेवढी नाही. ती बुधरीकडून कळली. आपली शेजारीण नवऱ्यासोबत इथल्या लाकूड डेपोवर कामाला आली आहे. म्हणाली, बाईची छाती जळते, आंबट पाणी घशाशी येतं, अर्धा भात ताटातच राहतो, पार वाळून गेली आहे. मी थोरला असतो तर रागावलो असतो. पण तू थोरली बहीण, आई गेल्यावर तूच मला वाढवलंस, म्हणून जरा जपून लिहितो.

हे जळणं काय असतं ते मला आता ठाऊक झालंय. इथं कारकुनीला लागल्यापासून दिवसभर चहा आणि विडी, रात्री उशिरा खानावळीतला तिखटजाळ रस्सा ओरपायचा आणि तसंच खाटेवर आडवं व्हायचं. दिवाळीपासून छातीत निखारा. सोडा खाल्ला की तासभर बरं वाटे, पुन्हा तेच. शेवटी इथले कंपाउंडर गुणवंतराव यांना गाठलं. त्यांनी माझा दिवसाचा क्रम विचारला आणि कपाळाला हात लावला. मग विडी बंद, चहा एकदाच. जेवण दिवस बुडताना, तेही दोन घास कमी. जेवून लगेच लवंडायचं नाही, एक फेरी मारायची. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा. महिना झाला, निखारा विझला.

पण ते सांगत होते तेव्हा मला हसू येत होतं. हे सगळं मी आपल्या घरी रोज पाहिलेलं. बाबा पहाटे जाळं घेऊन तलावावर जायचे, म्हणून तू त्यांना उन्हं असतानाच वाढायचीस. गरम भात, लाखोरीची डाळ, मासळीच्या रश्श्यात मिरची बेतानं. जेवून ते कलंडायला लागले की त्यांना तलावाच्या पाळीवर पिटाळायचीस, मागून मलाही. बाबांचं बोट धरून चालायचो, पाण्यावर बगळे उतरत असायचे, मागं वळलं की आपल्या चुलीचा धूर दिसायचा. तशी संध्याकाळ मला पुन्हा कुठं मिळाली नाही, बाई.

तेव्हा तू काय करायचीस, याकडे मात्र मी कधी लक्ष दिलं नाही. भांडी, गोठा, उद्याचं धान कांडणं, आणि सगळ्यांत शेवटी तुझं जेवण. रस्सा संपलेला असायचा. भाताची खरवड आणि मिरचीचा ठेचा घेऊन बसायचीस, आणि मग खांबाला टेकून बसल्या बसल्याच झोपायचीस. आडवी का होत नाहीस विचारलं, तर म्हणायचीस, "मले का धाड भरली हाय?" मी शाळेत फुशारकी मारायचो की आमची बाई बसून घराची राखण करते. परवाच्या दिवाळीत मीही भिंतीला टेकून तसाच झोपलो, कारण आडवं झालं की जळजळ घशात यायची. बुधरीचं ऐकल्यावर ते आठवलं आणि कळलं, तू राखण करत नव्हतीस. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मला फार लाज वाटली.

घरच्या बाईनं शेवटी जेवायचं ही आपल्याकडची रीत. त्यातून भाऊजी गेल्यावर तू माहेरी परतलेली, म्हणून कधी तोंड उघडलं नाहीस. बुधरी भेटल्यावर मी बाबांना तुझं दुखणं आणि गुणवंतरावांचे उपाय कळवणारं वेगळं पत्र टाकलं होतं. काल त्यांचं उत्तर आलं, मास्तरांच्या अक्षरात, पण शब्द बाबांचे: "विटा आणून गोठ्यात ठेवल्या हाये. इतके वर्स ती शेवटी जेवली, मले दिसलं नाई. आता कोन्त्या तोंडानं सांगू? तूच लिव." म्हणून हे पत्र. घास अडकत असेल तर माझी वाट पाहू नकोस, मूल गावच्या दवाखान्यात दाखव. होळीला मी येतोच आहे. पण त्याआधी, हे पत्र पोचेल त्या दिवशी, दिवस बुडायच्या आत बाबा तुझं ताट वाढतील, तसं मी त्यांना लिहिलं आहे. त्यांनी जन्मात कधी वाढलेलं नाही, डाळ सांडेल, भात कमीजास्त पडेल. तू उठू नकोस. बसून जेव.

तुझाच,
केवळराम