सोनदरीच्या घराची भुई

मी, वाल्मीक पुंजा खोडे, वय ८२, एकलहरे वीज केंद्रातील सेवानिवृत्त कारकून, राहणार नाशिकरोड, बुद्धी शाबूत असताना व कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवतो. बुद्धीचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. माझा मुलगा दीपक यास दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावेसे वाटल्यास फी त्याने भरावी.

१. मालमत्तेत मुख्य म्हणजे हरसूलच्या पुढे सोनदरी गावातील दोन खोल्यांचे घर. सोनदरीत माझ्या लहानपणी सोन्याची खाण होती. कंपनीने अकरा वर्षे डोंगर पोखरला आणि साहेबाच्या बायकोचा एखादा दात भरता येईल इतके सोने काढले. मग कंपनी गेली. तेव्हा तिथली जमीन फुकट दिली तरी कोणी घेत नसे. आता सोने नाही याची सर्वांना पक्की खात्री पटल्यावर भाव चौरस फुटावर आला आहे. संतोष नावाच्या दलालाने 'सुवर्णदरी हिल्स'चे रंगीत पत्रक छापले असून त्यात खाणीच्या बुजलेल्या तोंडाला 'हेरिटेज पॉइंट' म्हटले आहे. तिथे आम्ही परसाकडे जात असू.

२. जाताना कंपनीने कामगारांना जागा दिल्या, पण सही येणाऱ्यालाच. माझे वडील पुंजा सही करत. त्यांचा खाणीतला जोडीदार भागा अंगठा लावी. म्हणून कागद वडिलांचा झाला, भिंती मात्र दोघांनी मिळून उभ्या केल्या. शेवटच्या आजारात वडील मला म्हणाले, "कागद आपला हाय, घर दोघांचं." मी मान डोलावली, आणि पुढची बेचाळीस वर्षे तिथल्या करवंदीच्या जाळ्या आणि चांदणे आठवून हळवे होण्यात घालवली. भागाची मुलगी कुसाबाई त्याच घरात राहते, भुई सारवते, कौले फिरवते. कागद बदलायला मला सवड झाली नाही. कविता पाठ करायला होती.

३. त्या कवितांची, म्हणजे शाळेच्या पुस्तकांतून उतरवलेल्या कवितांची, वही नात सायली हिला. ती म्हणाली होती, "आजोबा, स्कॅन करा ना, उगाच जागा अडते." जागेची काळजी तिला वडिलांकडून आली आहे. तरी वही तिलाच.

४. बँकेतील ठेव मुलगी उज्वला हिला. तिने ती कधी विचारली नाही, हेच कारण.

५. सोनदरीत घर विकतात, भुई विकत नाहीत. जुन्या लोकांनी खाणीतली रेती भुईत घातली होती, तिच्यात एखादा कण असेल म्हणून. घर सोडणारा भुई उकरतो, नदीवर धुतो, निघेल ते घेऊन जातो. ज्याने भुई उकरली, त्याचा त्या घरातला वाटा संपला. दीपकला यातला पहिला अर्धा भाग ठाऊक होता. गेल्या महिन्यात संतोषशी परस्पर बोलणी करून, मला न सांगता, तो तीन मजूर घेऊन तिथे गेला. पुढचे कुसाबाईने मला सांगितले, आणि दीपकने नाकारलेले नाही.

"दीपक, घर विकलं का काय रे?"

"विकायचंय, आत्या. आधी भुई काढून घेतो. नाहीतर तो बिल्डर फरशी टाकेल आणि आपलं सोनं जाईल खाली."

"काढ बाबा. पण काढलीस तर तुझं इथं काय राहत नाय, ठावं हाय ना?"

"ते जुन्या लोकांचं झालं, आत्या."

"आन् सोनं नव्या लोकांचं व्हय?"

चार दिवस धुऊन जे चमकते निघाले, ते औषधाच्या बाटलीत घालून दीपकने सराफाला दाखवले. सराफ म्हणाला, अभ्रक आहे.

६. सबब, दीपकने आपला वाटा स्वतः उभे राहून, मजुरी देऊन उचललेला आहे. मी तो मान्य करतो. बाटलीवर माझा कसलाही हक्क नाही. घर संपूर्णपणे कुसाबाई देवराम भोये हिचे. त्यातले अर्धे मी देत नाही, परत करतो. उरलेले अर्धे उशिराबद्दल. तिने ते ठेवावे, विकावे, संतोषच्या पत्रकाने चूल पेटवावी, तिची मर्जी.

हे तिला फोनवर सांगितले. तिला गहिवरून येईल अशी माझी कल्पना होती. ती म्हणाली, "भाऊ, कागद व्हईल तवा व्हईल. महिना झाला मी खड्ड्यात खाट तिरकी टाकून निजते. भुई कोण करून देणार?"

७. एवढ्या एका कामाने माझ्या मरणाची वाट पाहू नये. उद्या शनिवारी सकाळच्या हरसूल गाडीने मी मुरूम पसरायला जात आहे. माती ठोकायची धुम्मस या वयात मला उचलवणार नाही. दीपकने यावे. आला तर या कागदातले त्याच्यावरचे टोमणे मी खोडीन. घराचे कलम खोडणार नाही.

ठिकाण: नाशिकरोड
दिनांक: ८ नोव्हेंबर २०२४

सही: वाल्मीक पुंजा खोडे

आमच्यासमोर सही केली, चष्मा शोधून:
१. इब्राहिम कासम शेख, शेजारी
२. भिमाबाई रंगनाथ गांगुर्डे, शेजारी