परसातून शाळेकडे जाणारी वाट

मी, सेफिना तुइमावावे, कै. इओसेफो यांची पत्नी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार टोटारा बेंड, साउथ ऑकलंड, हे लिहून ठेवते ते पूर्ण शुद्धीवर आणि राजीखुशीने. गुडघे गेले, डोकं शाबूत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. असता तरी मी जुमानला नसता, हे चर्चमधल्या बायका शपथेवर सांगतील. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. घर. इओसेफो मांसाच्या कारखान्यात रात्रपाळी करायचा, मी इस्पितळाच्या धुलाईघरात होते. त्यातून हे घर घेतलं. गल्लीतली बाकी घरं सरकारी, भाड्याची. आमचं आणि शेजारच्या नेव्हिल हॉकिन्सचं तेवढं स्वतःचं. म्हणून पुनर्विकासात सगळी गल्ली पाडून तीन मजली इमारती उठल्या, आणि आम्ही दोघे मध्येच अडून बसलो. हे घर मी माझी एकुलती एक मुलगी फेतु हिला देते.

फेतु फोनवर म्हणते, "आई, बिल्डर एवढा मागे लागलाय तर देऊन टाक की. ब्रिस्बेनला ये, उन्हात बस, नातवंडांना ओरड." बाळा, घर तुझं. वीक, ठेव, तुझी मर्जी. पण पुढच्या फाटकापासून परसाच्या टोकापर्यंतची डावी पट्टी अडवायची नाही. तिथून पोरं शाळेत जातात. माझ्यामागे बाकी काही राहिलं नाही तरी चालेल, ती वाट राहिली पाहिजे. त्या पट्टीवर पोरांची कायमची वहिवाट दप्तरी नोंदवून घेतली आहे. घर कोणीही घेतलं तरी ती मोडता येणार नाही. त्याने तुला किंमत कमी येईल, हे मला कळतं. रागावू नकोस गं. तूही शेजारच्या बोळातून अशीच धावत जायचीस, एका पायात चप्पल, दुसरी हातात.

कलम २. त्या बोळाबद्दल. आमच्या आणि नेव्हिलच्या कुंपणांमधून तो शाळेच्या मागच्या फाटकाशी निघायचा. एका संध्याकाळी तिथे कोणीतरी नेव्हिलच्या बायकोला, डोरीनला, ढकलून तिची पर्स हिसकावली. पडून मोडलेलं हाड जुळलं, पण ती पुन्हा एकटी घराबाहेर पडली नाही. नेव्हिलने घरोघर फिरून सह्या गोळा केल्या आणि बोळ कायमचा बंद करून घेतला. मी सही दिली नाही. तेव्हापासून आमचं बिनसलं.

मग दोन शाळा मिळून एक झाली, पोरं दुप्पट झाली, आणि सगळ्यांना हमरस्त्याने वळसा पडला. रस्त्यावर इमारतींच्या कामाचे ट्रक. शाळेतली सहा वर्षांची लुपे एका ट्रकखाली आली. वाचली, पण अजून लंगडते. दुसऱ्या दिवशी मी इओसेफोची पहार काढली आणि परसाच्या कुंपणाच्या फळ्या उचकटल्या. पुढून आत, परसातून थेट शाळेत.

नेव्हिल खिडकीतून ओरडला, "सेफिना, अगं चोरांना आवतण देतेस!"

"चोर दप्तर पाठीला लावून येतात का रे, मेल्या?"

तक्रार झाली. कौन्सिलचा माणूस आला, माझा उकडलेला तारोचा कंद खाल्ला, खाजगी जागा आहे म्हणून निघून गेला. हे चांगलं झालं, पण तारो तीनदा वाढून घेतला हेही नमूद करते.

कलम ३. पुनर्विकासाच्या सभेत ज्या तरुण साहेबांनी रंगीत आराखडा दाखवला, त्यांच्यासाठी. त्यात माझ्या घराच्या जागी एक झाड होतं आणि झाडाखाली कुत्रं घेतलेली गोरी बाई. मी विचारलं, "ही कोण? भाडं देते का?" सगळे हसले, साहेबही हसले, झाड तिथेच राहिलं. त्यांना माझी छत्री देते. पावसाच्या सकाळी पहिलीतल्या पोराचा हात धरून हमरस्त्याने शाळेत जावं, मग पुढचा आराखडा काढावा.

कलम ४. आईने विणलेली बारीक चटई फेतुला. आमच्यात रिवाज असला तरी ती मयताला कापून वाटायची नाही. माझ्या मयतात कोणी मासळीच्या डब्यांची किती खोकी आणली याची चढाओढ नको. ज्याला दुःख होईल त्याने रडावं, बाकीच्यांनी खुर्च्या उचलाव्यात. मोठं पातेलं चुलतबहीण ओलिवाकडेच आहे. ते तिलाच देते. ती तसंही परत करणार नव्हती.

कलम ५. डोरीन गेली तेव्हा मी शेवयांचं भांडं घेऊन नेव्हिलकडे गेले. त्याच्या स्वयंपाकघरातून माझी वाट सरळ दिसते. शाळा सुटायची वेळ होती. शेवटचं पोर पार होईस्तोवर हा बाबा खिडकीतून हलला नाही.

मी म्हटलं, "तक्रारीसाठी मोजतोस काय रे?"

"एखादं मागे राहिलं तर कोण बघणार? तू तर चर्चला पळतेस."

"मग तुला नेमकं हवंय तरी काय?"

"अंधार पडला की ते भोक बंद हवंय. बास."

"एवढंच? मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तू विचारलंस कधी?"

खरंच विचारलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्याने त्या भोकाला दार बसवलं, कुलपासकट. तेव्हापासून सकाळी मी उघडते, संध्याकाळी लावते, आणि माझ्यामागून येऊन तो कुलूप ओढून बघतो. अंधाराला खरोखर भिणारा माणूसच रोज न चुकता दार लावील. म्हणून माझ्यामागे त्या दाराची किल्ली आणि इओसेफोचं सगळं सुतारकामाचं सामान मी नेव्हिल हॉकिन्स यांना देते.

सही करण्याआधी एवढं वाढवते. हे तपासायला वकीलबाई आल्या. साक्षीसाठी मी पाद्रीबुवांना आणि शाळेच्या कार्यालयातल्या मेरेआनाला बोलावलं होतं. नेव्हिल न बोलावता आला, टाय लावून, खिशात स्वतःचं पेन घेऊन. वकीलबाई म्हणाल्या, "तुमची साक्ष चालणार नाही. मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं, त्याने सही करायची नसते."

"मला हिच्याकडून काय मिळणार? शिव्या?"

वकीलबाईंनी कलम पाच वाचून दाखवलं. नेव्हिल खाली बसला. मग मला म्हणाला, "आणि माझ्यानंतर कोण लावणार दार?"

मला रडू आलं, ते लपवलंही नाही.

नेव्हिलने खिशातलं पेन काढलं आणि वकीलबाईंसमोर ठेवलं. "हिचं आटपलं की माझं लिहायला घ्या," म्हणाला.

वरील सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष सही केली आहे.

सही: सेफिना तुइमावावे

साक्षीदार:
१. रेव्हरंड तानिएलु पौलो
२. मेरेआना वाका

स्थळ: टोटारा बेंड, साउथ ऑकलंड
दिनांक: १६ मार्च २०२३