बाकाखालचे सिपारे

मौलवीसाब,

तुमच्या मदरशासाठी मी स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू अशा: चौदा बाकं, दोन काळे फळे, एक अलमारी, दाराची एक चौकट आणि कुराण ठेवून वाचायच्या सोळा रिहाली. प्रत्येक रिहाल एकाच फळीतून चिरून काढलेली, कुठंही जोड नाही, खिळा नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या कंधारला एक जुनी रिहाल हातात घेऊन दोन दिवस बघत बसलो आणि तिसऱ्या दिवशी जमलं. हे मी तुम्हाला तीनदा सांगितलं होतं. तिन्ही वेळा तुम्ही पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलंत.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. चाकूरजवळच्या त्या गावातून उस्मानाबादची खेप वाचली म्हणून तुम्ही खूश होता. नव्या कचेरीतले साहेब म्हणाले होते, बाकं-फळा दिसला तर शाळेची मान्यता देतो. मग चौथीचा दाखला मदरशातूनच मिळणार, पोरं सरकारी शाळेत पाचवीला बसणार. सकाळी कुराण, दुपारी मराठी, हिसाब, भूगोल. गावात काही जण म्हणायचे, मौलवीला आता मास्तर व्हायचंय. रंधा मारता मारता मीही विचारलं, हे खूळ काढलं कुठून? तुम्ही भुसा गोळा करत होता. "मोठ्या दुष्काळात खडी फोडायला गेलतो, मिस्त्री. हजेरीपटावर समदे अंगठे. पाच वक्त नमाज पढणारी मान्सं, पण आपलं नाव कुठं लिवलंय ते कुणाला कळंना. मलाबी न्हाई." तुम्ही मराठी त्यानंतर शिकलात, दाढी पिकायला लागल्यावर.

बाकाचं माप मी लोह्याच्या शाळेतून घेतलं होतं, सुतानं, दोनदा. पण लाकूड पुरेना. पाऊस पुन्हा दगा देत होता. एका शेतकऱ्यानं वाळलेला कडुलिंब दिला होता, तेवढाच. म्हणून दप्तराचा कप्पा मी समोरच्या फळीखाली न करता बसायच्या फळीखाली केला. दर बाकामागं दीड फूट फळी वाचली. ही युक्ती माझी स्वतःची, म्हणून मी त्यावर फार खूश होतो.

तपासणीला चार दिवस राहिलेत. तुम्ही पोरांना आत बोलावता. पोरं सिपारे, कुराणाचे ते सुटे भाग, कप्प्यात ठेवतात आणि उभीच राहतात. एकही बसत नाही. मी म्हणतो, बसा की, मोडत नाही. चौथीतली एक मुलगी ओढणी सारखी करत म्हणते, "चाचा, खाली सिपारा हाय. त्याच्यावर कसं बसावं?"

मी मुसलमानाच्या घरात जन्मलेला. कुराण कमरेच्या वर धरायचं हे आमच्या घरातल्या तान्ह्या लेकरालाही कळायचं. सोळा रिहाली ज्यासाठी केल्या तेच मी विसरलो होतो. दारातले एक म्हातारे हसले. "मिस्त्री, लाकडाचं माप लई घेतलं, इमानाचं राहिलं जणू."

तेव्हा मी चुकलो म्हणायचं होतं. अर्ध्या दिवसाचं काम होतं. तुम्ही तर म्हणालातसुद्धा, "त्येंची चूक न्हाई, म्या सांगाया पायजे होतं." तुम्ही चूक स्वतःवर घेतलीत याचाच मला राग आला. मी म्हणालो, शाळा पाहिजे तर शाळेसारखं बसा, माझं माप चुकत नसतं. हत्यारं पेटीत भरली आणि दुपारच्या गाडीनं कंधारला निघून आलो.

पुढचं मला मागाहून कळलं. कप्पे तुम्ही स्वतः उचकटून समोरच्या फळीखाली ठोकलेत, आयुष्यात हातोडी न धरलेल्या हातानं. साहेब एका बाकावर टेकले आणि उचकटताना ढिली झालेली फळी निखळली. लहान मुलांना धोका, असा शेरा पडला. मान्यता एक वर्ष लांबली. त्या साली चौथीच्या एकोणीस जणांना दाखला मिळाला नाही. पुढच्या वर्षी त्यातले अकरा परत आले. ती मुलगी आली नाही. घरच्यांनी तिला कापूस वेचायला लावलं.

तुम्ही गेल्याला आता पुष्कळ वर्षं झाली. नांदेडला माझा कारखाना आहे, हाताखाली सात माणसं आहेत. लातूरला जाताना गाडी तुमच्या कब्रस्तानावरून जाते. मी एकदाही उतरलो नाही. हे पत्रही कुठं पाठवायचं नाही.

पण एक राहिलं. त्या शेऱ्यानंतर तुम्ही कंधारला माझ्याकडं आलात, अंगठ्याला चिंधी बांधलेली. मला वाटलं, आता बोलणार. तुम्ही पाणी प्यालात आणि म्हणालात, "पोरांना हिसाब तुमी शिकवा. तुमचं माप खरंच चुकत न्हाई." कामातून फुरसत नाही, असं मी सांगितलं. तेव्हा महिनाभर माझ्याकडं एकही काम नव्हतं. खरं असं, की उत्तर मला तोंडी काढता यायचं, पाटीवर रीत मांडता यायची नाही, आणि चौथीतलं पोर ती विचारील याची मला भीती वाटली. तुम्ही महिना अडीचशे रुपये देत होता, आणि दुपारची भाकरी. मी नाही म्हणालो.