यशोदेचा जरीचा हात

आई, आपल्या स्वयंपाकघरातलं चित्र काल मी खरंखुरं पाहिलं. पिठाच्या डब्यावर टांगलेली ती यशोदा आणि तिच्या कुशीतला कृष्ण. आपलं चित्र छापील, धुरानं तपकिरी झालेलं. मूळचं एकोणिसाव्या शतकातलं, तेलरंगातलं, माझ्याहून उंच. पुण्याच्या प्रदर्शनात ते आलंय म्हटल्यावर पहिली एसटी धरली. समोर जाऊन उभी राहिले. लेकरू नुकतं रडून गप्प झालेलं, पापणी अजून ओली. आणि यशोदेच्या लुगड्याचा काठ, आई, लखलखत होता.

तो काठ आपल्या चित्रात नुसता मातकट पट्टा होता. तू तुझ्या लग्नातल्या शालूची जर कापलीस आणि कणकेच्या खळीनं त्यावर चिकटवलीस. मी हसले, तर म्हणालीस, "गवळ्याघरची असली म्हनून काय झालं? नंदाची रानी हाय ती. तिच्या काठाला जर नसंल व्हय?"

मी नववीत होते. चित्रकलेचे सर घरी आले आणि ते बघून म्हणाले, "चित्राला कुणी ठिगळं लावतं का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी तू खुरपायला गेल्यावर मी कंपासच्या टोकानं जर खरवडायला घेतली. जरीबरोबर कागद निघाला आणि काठाला लागून असलेला, लेकराच्या पाठीवरचा यशोदेचा हातच गेला. संध्याकाळी तुला सांगितलं, "उंदरानं खाल्लं." खळ कणकेची, त्यामुळे ते पटण्यासारखं होतं.

तू सापळा लावलास. तिसऱ्या दिवशी एक बिचारा उंदीर सापडला. मला सोबत घेऊन तू रस्त्यापलीकडच्या माळावर गेलीस, सापळा तोंडासमोर धरून त्याला म्हणालीस, "भूक लागल्ती तर मागायची की रं, भाकर दिली असती. लेकरापाठचा हात कशाला खाल्लास?" आणि दार उघडलंस. मी माझ्या चपलांकडे बघत उभी होते. घरी आल्यावर उरलेली जर तू त्या हाताच्या जागी लावलीस. तेव्हापासून आपल्या यशोदेचा एक हात जरीचा आहे.

काल मी मूळ चित्राच्या अगदी जवळ गेले. काठात जर नव्हतीच, पिवळ्या-पांढऱ्या रंगाचे जाड ठिपके होते. चार पावलं मागं सरकले की पुन्हा जर. छापताना ती झळाळी हरवली असणार, आणि तू, मूळ चित्र कधी न पाहिलेली, ती बरोबर होती तिथंच परत लावलीस. कुणी सांगितलं होतं गं तुला? मग तो हात पाहिला. लेकराच्या पाठीत बोटं जराशी रुतलेली. मी तिथंच रडले. पहारेकरी बाईंनी खुर्ची दिली.

तू गेल्यापासून आपलं चित्र माझ्या स्वयंपाकघरात आहे. हे पत्र त्याच्या चौकटीमागं सरकवून ठेवते, दुसरीकडे कुठं पाठवणार? त्या दिवशी उंदराला सोडून येताना रस्ता ओलांडायला तू माझा हात धरलास, एवढ्या मोठ्या मुलीचा, आणि घर येईपर्यंत सोडला नाहीस. तेव्हाच सांगायला हवं होतं. आई, उंदीर नव्हता. मी होते.