तुमचे बंधू टेम्पोत, मी सायकलवर

तीर्थस्वरूप वन्सं यांस,

आनंदीचा नमस्कार. तो मनानेच पोचला असे समजावे. वाकायची सोय आज नाही. मोतीबिंदूनंतर आता टीव्ही स्वच्छ दिसतो ना? (थेंब चुकवू नका.) फोनच केला असता, पण तुम्ही दुसऱ्या वाक्यालाच "अगं, पण" म्हणता, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवते आहे.

तर तुमच्या बंधूंनी पेण ते श्रीवर्धन सायकल सहलीत नाव घातलं, नवी सायकल आणली, पाठीवर त्यांचं नाव 'त्र्यंबक' छापलेला पिवळा टी-शर्ट शिवाय मिळाला. आदल्या दिवशी घरासमोरचा चढ चढून पाहिला आणि म्हणाले, "मी आपला सामानाच्या टेम्पोत बसून व्यवस्था बघतो." मग मीच तो टी-शर्ट चढवला. (हसू नका. सैल होतो, एवढंच.)

आजचा पहिलाच पल्ला सगळ्यांत लांब, थेट रोह्यापर्यंत. सहल काढणाऱ्या मंडळाचा म्होरक्या अक्षय याने बजावलं होतं, की अंधार पडायच्या आत जो पोचणार नाही, तो उद्यापासून टेम्पोतच बसेल. वडखळपर्यंत ट्रकांनी मला रस्त्याच्या कडेला चिकटवून ठेवलं. नागोठण्यात जेवण झालं आणि मी सगळ्यांच्या मागे पडले. माझ्यामागे फक्त टेम्पो, आणि त्यातून अर्धे बाहेर आलेले तुमचे बंधू. "आनंदी, बस आता. इथे पंखा आहे!" आत तीन तरुण मुलं आधीच मांड्या धरून पंख्याखाली आडवी झालेली.

खिंडीच्या पायथ्याशी मागे फाट्‌कन आवाज झाला. टेम्पोचा टायर फुटला. जादा चाक काढलं, तर त्यातही हवा नाही. मोबाइलला रेंज नाही, मुलांना पाय हलवता येईनात, आणि सगळ्यांची अंथरुणं टेम्पोत. ड्रायव्हर जगन म्हणाला, "काकी, रोह्यात स्टँडजवळ माझा भाव विठू पंक्चर काढतो. त्याला धाडा. दुसरा कोन जानार हाय?" तुमच्या बंधूंनी माझी पाण्याची बाटली भरून दिली. मग म्हणाले, "जा तू. जमेल तुला."

वन्सं, छत्तीस वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. अर्धी खिंड त्या वाक्यावर चढले, उरलेली, सायकल ढकलत. (हे मंडळाला सांगितलेलं नाही.) धाटावच्या कारखान्यांची शिफ्ट सुटलेली बस समोरून आली. खिडक्यांतून माणसं ओरडली, "काकी, झाला! आता उतारच हाय!" मग त्या उतारावर मी जी आरोळी ठोकली, ती शेजारच्या रानातल्या वानरांनीही थांबून ऐकली.

रोह्यात शिरले तेव्हा ऊन अजून कौलांवर होतं. विठू दुकान बंदच करत होता. त्याला पिटाळलं आणि मुक्कामी गेले. अक्षय फाटकातच उभा. "काकू, टेम्पो कुठाय?"

म्हटलं, "मागे पडला."

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! तासाभराने टेम्पो आला. तुमचे बंधू उतरले ते थेट माझ्यापाशी आले आणि भेटेल त्याला सांगू लागले, "ही माझी बायको." (कोणी विचारलं नव्हतं.)

तब्येतीला जपा.

तुमची,
आनंदी

ता. क. : उद्या सायकल आपण चालवणार, असं तुमचे बंधू आत्ताच जाहीर करून गेले. ते या जगात फक्त तुम्हाला घाबरतात. सकाळी सहाच्या आत फोन करून त्यांना चांगला दम द्या.

आणखी एक : उद्या मला अंथरुणातून उठता येईल असं वाटत नाही. हे त्यांना सांगू नका.