चाकाचे तीन दाते

कराड, ता. २० जुलै १९७५

चि. नानासो यास दाजीचा आशीर्वाद. मी ठीक, तुमची खुशाली कळावी.

कुणाकडं न शिकता या हातांनी केलं ते असं: पायानं चालणारा लेथ, शेंगा फोडायचं यंत्र, चेनीवर पाणी ओढणारा पंप, आणि गणपतीच्या मांडवात तुझ्या कागदी बाहुल्यांची मान, मनगट, कंबर हलवणारी सात यंत्रं. चेहरे तुझे, हालचाल माझी. बारा वर्षं चाललं.

गेल्या साली जात्यावर दळणाऱ्या बाईच्या बाहुलीपाशी आपलं फाटलं. माझं चाक बहात्तर दात्यांचं, केसाएवढा फरक नाही. तू म्हणालास, बाई यंत्रासारखी दळतेय, दाते काढा. मी चिडलो. मग तू म्हणालास की अक्का जात्यात दाण्यांची मूठ घालताना थांबायची, वीस वर्षं संसार करून दाजींनी तेवढंही बघितलं नाही. तुझी अक्का, माझी हरणा, जाऊन चारच महिने झाले होते. मी तुला बाहेर काढलं.

परवा शेजारच्या बनुबाईच्या जात्यापुढं घड्याळ घेऊन बसलो. दाजी आता दळणाचाबी टायम लावत्यात, म्हणून ती लय हसली. चौथ्या फेऱ्याला मूठ पडते, हात पाऊण सेकंद अडतो. तीन दाते कानशीनं उडवले. आता बाई थांबते.

घरात बोलायला तीच आहे, आणि तिला तोंड नाही. ये.

आकाराम

सांगली, ता. २९ जुलै १९७५

ती. दाजींस नानासोचा नमस्कार. पत्र शालू लिहितेय, मी सांगतोय.

तुमचं चाक चुकलं हे तुमच्याच अक्षरात आलं, म्हणून शालू म्हणते, पेढे वाटा. पण दाजी, उन्हाळ्यात मला झटका आला. उजवा हात थरथरतो, सहीसुद्धा धड होत नाही. तुम्हाला कळवायला तोंड नव्हतं.

इथल्या मंडळाच्या लालासाहेबांना बाई यंदा मांडवात हवी आहे. त्यांच्याकडं डिप्लोमावाला पेंटर आहे. त्याला रंगवू द्या. अक्काचा फोटो नाही, कुठलाही चेहरा चालेल. लोक हात बघायला येतात.

राग असेल तर तो धरूनच, पण पत्र लिहीत राहा.

नानासो

कराड, ता. ६ ऑगस्ट १९७५

चि. नानासोस आशीर्वाद.

झटक्याचं तीन महिने कळवलं नाहीस, हे बरं केलं नाहीस. त्याचं भांडण समोरासमोर.

कुठलाही चेहरा चालणार नाही. तिचा चेहरा ध्यानात असलेला आणि हातात ब्रश धरणारा माणूस एकच आहे. मनगटासाठी टेकू केलाय: सागवानी पट्टी, वर कापसाची गादी, खाली दोन स्प्रिंगा. माझाच हात मुद्दाम हलवून बघितला, ब्रशचं टोक जागचं हलत नाही. तुझ्या मनगटाचा घेर शालूकडून सुतानं मोजून पाठव, अंदाजानं नको.

यंदा झालं नाही तर पुढच्या साली. मी आहे इथंच.

शालूस व पोरांस आशीर्वाद. वाट बघणारा,

आकाराम

ता. क. लालासाहेब काल येऊन गेले. डिप्लोमावाल्याकडून तोंड रंगवून घ्यायचं आणि बाई मंडळाला कायमची द्यायची, असं म्हणाले. रोख दोन हजार दोनशे. नाही म्हणालो.