मावशीचे रिव्हॉल्व्हर आणि क्लेटनदादाचा मुक्काम

तीर्थरूप थर्मनमामांस,
डार्सीचा सादर नमस्कार.

तिकडची कोरडी हवा तुमच्या छातीला मानवली असे आईकडून कळले. (ती हे ज्या सुरात सांगते त्यावरून वाटते, की टेनेसीचा डोंगर सोडून ॲरिझोनात कोणाला बरे वाटणे हा तिचा व्यक्तिशः अपमान आहे.) गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करता, की करतो असे डॉक्टरांना सांगता? इकडे सर्व क्षेम आहे. ऑर्बीकाकांच्या गाईला जुळे झाले. आपला रक्तदाब माझ्या वागण्यावर अवलंबून आहे असे आई म्हणते. मी दोन्हींवर महिनाभर लक्ष ठेवून पाहिले. तसा संबंध आढळला नाही.

पत्रास कारण बंदूक. उन्हाळ्यात मी खिंडीच्या टोकाचे ते छोटे घर भाड्याने घेतले, हे तुम्हाला माहीतच आहे. दिवसभर कारखान्यात बेअरिंगच्या कड्या मोजायच्या, केसाच्या शंभराव्या भागाइतका फरक निघाला की पेटी परत पाठवायची, आणि संध्याकाळी ज्या घरात कोणी बोलत नाही अशा घरात येऊन बसायचे, एवढीच माझी इच्छा होती. आईने अट घातली, की घरात एक धड बंदूक येईपर्यंत क्लेटनदादा माझ्या सोफ्यावर झोपेल. वसंतात शॉना माहेरी निघून गेल्यापासून दादाला कोणताही सोफा चालतो. तो टीव्ही, दोन गळ आणि गांडुळांचा डबा घेऊन राहायला आला. डबा फ्रिजमध्ये माझ्या दह्याच्या डब्याशेजारी असतो. दोन्ही डबे एकाच आकाराचे आहेत. याहून जास्त मी लिहीत नाही.

राखणदार म्हणून तो कितपत उपयोगी आहे तेही मी तपासले. एका दुपारी तो सोफ्यावर आडवा असताना मी मागच्या खिडकीतून आत शिरले, बिडाचा तवा जमिनीवर पाडला, आईला लग्नात मिळालेले घड्याळ भिंतीवरून काढून पुन्हा लावले. दादा हलला नाही. शेवटी टीव्ही बंद केला, तेव्हा मात्र ताडकन उठून म्हणाला, "ए, बघत होतो ना मी!" म्हणजे चोर टीव्हीच न्यायला आला तर घर सुरक्षित आहे. बाकीच्या वस्तूंसाठी स्वस्त आणि खात्रीची बंदूक शोधणे भाग होते.

मी कारखान्यात एखादे यंत्र निवडते त्याच रीतीने हे काम पार पाडणार होते. पण रविवारी चर्च सुटल्यावर आईच्या टेबलावर हॅम, शेंगा आणि मक्याची भाकर मांडली गेली, आणि मी फक्त मीठ मागितले असताना ऑर्बीकाकांनी बंदुकीचा विषय काढला. काकांच्या मते शॉटगनला पर्याय नाही, कारण झाडावीच लागत नाही. "नळीखालचा दस्ता मागे-पुढे केलास ना, नुसता खटॅक आवाज, की चोर पँट टाकून पळालाच म्हणून समज." मी विचारले, असा पळालेला चोर तुम्ही पाहिला आहे का? "एकही नाही!" काका विजयाने म्हणाले, "तीस वर्षांत कोणी फिरकलाच नाही. आता बोल, आवाज किती लांब जातो ते!" विलोडीनमावशीने मान हलवली. तिचे म्हणणे, बाईमाणसाला रिव्हॉल्व्हर बरे. लायलकाका गेल्यापासून त्यांचे तिच्या उशाशी आहे आणि एकदाही तक्रार नाही. मी विचारले, मावशी, ते कधी झाडलेस का? "झाडायचं कशाला? भरलेलं आहे ना!" पास्टर एस्टेल (ते फक्त जेवणानंतरच्या गोड पीच-पाईपुरते आले होते) रायफलच्या बाजूचे निघाले. त्यांचा देवावर पूर्ण भरवसा आहे आणि शिवाय तीस गोळ्यांच्या मॅगझिनवर आहे. आई एवढेच म्हणाली, "कसली का असेना, पण पोरी, मी मरायच्या आत घे."

म्हणून मी बर्लच्या दुकानात गेले. तुमच्या वेळचे ते दुकान तसेच आहे, एका बाजूला आमिषे, दुसऱ्या बाजूला बंदुका, आणि मध्ये बाकावर तीच म्हातारी मंडळी. (एक वारले आहेत. त्यांची जागा रिकामी ठेवतात.) बर्लने न विचारताच एक फिकट जांभळे पिस्तूल पुढे ठेवले. खास बायकांसाठी म्हणे. आत काय वेगळे आहे, असे मी विचारले. तो म्हणाला, "रंग." रंगाचे तीस डॉलर जास्त होते. मग मी नेहमीचे प्रश्न विचारले: या जातीच्या किती बंदुका दुरुस्तीला परत येतात, आणि येतात त्या कशासाठी? बर्लला इतके वाईट वाटले, जणू मी त्याच्या मुलीच्या चालचलणुकीची चौकशी केली. रिकाम्या पिस्तुलांचा चाप ओढायला किती जोर लागतो ते मी दादाच्या मासे तोलायच्या काट्याने मोजू लागले, तेव्हा तो म्हणाला, "पोरी, बंदूक घ्यायला आलीस की लग्नाला मुलगा बघायला?" बाकावरून आवाज आला, "मुलगा बघायला आली असती तर एवढं नसतं विचारलं."

मामा, तुम्ही आयुष्यभर ट्रक चालवलात, तुम्हाला हे पटेल. "कधी बंद पडला नाही" आणि "बंद पडणार नाही" यांत फरक आहे. एखादी बंदूक लागोपाठ शंभर वेळा न अडकता झाडली, तरी गणित एवढेच म्हणू देते, की ती बहुतेक शंभरात तीनपेक्षा जास्त वेळा अडकणार नाही. ते प्रमाण शंभरात एकवर आणायचे तर तीनशे वेळा झाडावी लागते, आणि तीही ज्या चांगल्या काडतुसांवर आपण जीव टाकणार त्याच काडतुसांनी. तीनशे चांगल्या काडतुसांना बर्लच्या सर्वांत स्वस्त बंदुकीहून जास्त पैसे पडतात. थोडक्यात, स्वस्त बंदूक खात्रीची आहे हे सिद्ध होईपर्यंत ती महाग झालेली असते. मी हे बर्लला कागदावर मांडून दाखवले. त्याने तो कागद घडी करून आमिषांच्या पेटीत टाकला.

मी रिकाम्या हाताने परतले ही बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. त्या आठवड्यात "तुझं ठरेपर्यंत असू दे" म्हणत एकेक जण येऊ लागला. ऑर्बीकाका शॉटगन ठेवून गेले. पास्टरांनी रायफल आणली आणि तिच्यासह बसून एक छोटी प्रार्थना केली. मावशी कॅरॅमल केक घेऊन आली. केकच्या डब्यात खालच्या कप्प्यात, पुठ्ठ्याखाली, लायलकाकांचे रिव्हॉल्व्हर होते, भरलेले. (केक उत्तम होता. तो कापताना सुरी कुठपर्यंत गेली याचा मी आता विचार करत नाही.) आणखी दोन शेजाऱ्यांनी दोन शॉटगन दिल्या. दादाने येताना आणलेले पिस्तूल होतेच. एकटीने राहणाऱ्या बाईच्या घरात सहा हत्यारे, आणि राखायला सोफ्यावर निजलेला एक माणूस. मी बंदुकीसाठी बाजूला काढलेले पैसे घेऊन कारखान्याच्या भंगारातून जाड पत्र्याचे कपाट आणले, जमिनीखालच्या तुळईला बोल्टने आवळले, आणि सगळे आत ठेवून कुलूप लावले. आईला फोनवर सांगितले तेव्हा तिने फोन बाजूला धरला. मग ती कोणाला तरी म्हणाली, "बंदूक घ्यायला गेली आणि कपाट घेऊन आली."

पुढच्या रविवारी पास्टरांनी नेहमीप्रमाणे विचारले, कोणासाठी प्रार्थना करायची आहे? नेहमी कोणाचे पित्ताशय असते, कोणाचा मुलगा लांबच्या नोकरीवर असतो. आई उभी राहिली. हाती रुमाल होताच. "माझ्या डार्सीसाठी प्रार्थना करा," ती म्हणाली, "ती खिंडीच्या टोकाला एकटी राहते, सोमवार ते शुक्रवार सहापर्यंत कामावर असते, घरात सहा बंदुका आहेत आणि एकही हाताशी ठेवत नाही, सगळ्या मागच्या खोलीतल्या कपाटात आहेत." संपूर्ण चर्चने डोके खाली घातले. मी घातले नाही. मी मागच्या रांगांत कोण कोण आहे ते पाहत होते. आपल्या तालुक्यात चोर टीव्ही नेत नाहीत, बंदुका नेतात, हे लहान मुलालाही माहीत आहे. आईला तेवढे सोडून सगळे सुचले. घरी येताना गाडीत मी हे तिला समजावले, तर म्हणाली, "देवाच्या घरात सांगितलंय मी, रस्त्यावर नाही." दादा मागच्या सीटवरून म्हणाला, "आई, देवाला पत्ता माहीत होता गं."

आता निकाल लावणे आवश्यक होते. पुढच्या शनिवारी ऑर्बीकाकांच्या कुरणात, मातीच्या बांधासमोर कागदी थाळ्या लावून, मी सहाही हत्यारे तपासायला काढली. तीनशे फैरी परवडणार नव्हत्या. प्रत्येकी पंचवीसवर समाधान मानले. बर्लसह अर्धे गाव घडीच्या खुर्च्या घेऊन आले. ऑर्बीकाकांनी पहिला मान घेतला, खटॅक केले, आणि शॉटगनने काडतूस गिळले ते परत दिलेच नाही. काका म्हणाले, थंडीमुळे. (त्यांच्या कपाळावर घाम होता.) रायफल अकराव्या गोळीला अडकली. पास्टरांनी तिच्यावर हात ठेवून डोळे मिटले. पुढच्या दोन सुटल्या आणि पुन्हा अडकली. प्रार्थनेबद्दल मी काही निष्कर्ष काढला नाही, दोन हा नमुना अपुरा आहे. शेजाऱ्यांच्या शॉटगनपैकी एकीत गांधीलमाशीचे घर निघाले, दुसरी चालली पण तिचा धक्का असा, की मालक स्वतः खुर्चीत जाऊन बसले. आणि मावशीचे ते काळे, बोथट तोंडाचे, वर्षानुवर्षे न पुसलेले रिव्हॉल्व्हर पंचवीस वेळा झाडले आणि पंचवीस वेळा सुटले. कमी भाग, साधी रचना, अडकायला आत काही नाही. थाळीही फाटली. माझा शोध संपला होता, आणि एक पैसा न खर्चता.

मावशीने ते माझ्या हातातून घेतले, पुसले, केकच्या डब्यात ठेवले आणि झाकण लावले. "चालतं की गं हे!" ती म्हणाली, "मग मीच ठेवते. मी एकटी बाई." बाकी सगळे मात्र आपापली हत्यारे माझ्याकडेच राहू देत म्हणून आग्रह करू लागले. सोमवारी मी बर्लकडे तसेच जुने रिव्हॉल्व्हर घ्यायला गेले. त्याच्याकडे तीन होती. शनिवारी संध्याकाळीच तिन्ही गेली. एक पास्टरांनी घेतले.

तेव्हा विनंती अशी, की तिकडे फिनिक्सच्या बाजूला तसले एखादे साधे, वापरलेले रिव्हॉल्व्हर माझ्या ऐपतीत मिळाले तर पाहावे. परराज्यातून ते थेट मला पाठवता येणार नाही, इकडच्या परवान्याच्या दुकानदारामार्फतच यावे लागेल, म्हणजे बर्लमार्फत, म्हणजे सर्वांना कळेल. त्याला इलाज नाही. ते आले की आईची अट पुरी होईल, सोफा मोकळा होईल, आणि माझा फ्रिज माझा होईल.

गुडघ्याची काळजी घ्या. कळावे, लोभ आहेच तो असाच राहू द्यावा.

तुमची भाची,
डार्सी

ता.क. : वरची विनंती रद्द समजावी. रिव्हॉल्व्हर पाहू नका. मी वर पाच हत्यारांचा निकाल लिहिला, सहाव्याचा लिहिला नाही. दादाच्या पिस्तुलाची पाळी आली तेव्हा त्यात गोळ्या नव्हत्या, आणि त्याच्याकडेही नव्हत्या. त्याच्या गोळ्या वसंतापासून पास्टर एस्टेल यांच्याकडे आहेत. दादाने स्वतःच नेऊन दिल्या, आपल्याजवळ नकोत म्हणून. हे पास्टरांनी मला खुर्च्या आवरताना हळूच सांगितले. हे पत्र लिहून झाल्यावर मी दादाला म्हटले, आता कपाट पक्के आहे, मला कोणाची गरज नाही, तू घरी गेलास तरी चालेल. तो म्हणाला, "घरी राखायला काय आहे, डार्स?" तेव्हा कोण कोणाला राखायला आले आहे याबद्दल माझे मोजमाप चुकले होते. कपाटाची किल्ली आता माझ्या गळ्यात असते, कामावरही.

ता.क. दुसरा : खरी विनंती ही. त्याला तुमच्याकडे बोलवा. पडवीचे छप्पर गळते, गुडघ्यामुळे शिडी चढवत नाही, असे काही लिहा. तिकडे पाऊस पडतो का, हे तो विचारणार नाही. रोज संध्याकाळी त्याच्याशी बोला. तुम्हाला बोलता येते, मला मोजता येते. आईला यातले काही कळवू नका.

ता.क. तिसरा : फक्त दोन आठवडे न्या, जास्त ठेवून घेऊ नका. इकडे हिवाळ्याची लाकडे फोडायची राहिली आहेत, आणि मला कुऱ्हाड चालवता येत नाही असे मी त्याला सांगून ठेवले आहे.